खांदा कुणाला देता?

माउली, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या कडेला राहणारे आपण काकड्याला उठतो, तेव्हा आत चितळ, सांबर, भेकर पाण्याच्या वाटेवर असतात. त्याच वाटेवर कुणीतरी दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास लावून ठेवतो.

पुढे बोलणे निघाले की एक पळवाट हमखास ऐकू येते : “मारले दुसऱ्याने, आम्ही फक्त उचलायला गेलो.”

फक्त? चितळाचा मोठा नर ७०-८० किलो भरतो, सांबराचा २०० किलोंच्याही पुढे. दाट झाडीत गाडी जात नाही. पाय बांधून, मधून बांबू घालून, अंधारात काट्याकुट्यांतून चार जणांनी वाहिल्याशिवाय ते धूड बाहेर निघत नाही. फास एकटा लावतो, पण पाप तडीस जाते ते इतरांच्या खांद्यावर. वाहणारे मिळणार नसतील, तर तो सांबरासाठी फास लावील कशाला?

कायदाही ही पळवाट मानत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे मांस बाळगणे आणि वाहून नेणे हाही गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे.

पण आपल्या गळ्यात तर माळ आहे. “मी खात नाही” एवढ्याने माळ राखली जात नाही. नाथमहाराजांच्या खांद्यावर रामेश्वराला न्यायची कावड होती. तहानलेले गाढव दिसताच त्यांनी ती गंगा त्याच्या मुखी ओतली. नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. मुक्या जिवात देव पाहणाऱ्यांचे आपण वारस, आणि शेजारी हरणाचे वाटे पडतात तेव्हा “उगाच वाईटपणा कशाला” म्हणून दार लोटून घेतो! माउली, ते गप्प बसणे हा पाचवा खांदा आहे.

येत्या एकादशीच्या भजनात हा विषय काढा. पोराबाळांना सांगा. फास दिसला तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

पालखीला क्षणभर खांदा लागावा म्हणून आपण गर्दीत जीव टाकतो. तोच खांदा हत्येच्या ओझ्याखाली जाऊ देऊ नका.

रामकृष्ण हरी.