सलाईन म्हणजे जेवण नव्हे

"डॉक्टरसाहेब, चार दिवस पोटात कण नाही, ताकदीची एक बाटली तरी चढवा!" हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात काय, वसमत-सेनगावच्या खासगी दवाखान्यात काय, ही विनवणी ठरलेली. बाटलीत पिवळं औषध मिसळलं की नातेवाइकांना हायसं वाटतं. तो पिवळा रंग जीवनसत्त्वांचा. त्यात अन्न नाही.

हिशेबच मांडू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 85 कॅलरी. ज्वारीची चतकोर भाकरी! साठ किलोच्या अत्यवस्थ माणसाला दिवसाला साधारण 1500 कॅलरी लागतात. त्या ग्लुकोजवरच भागवायच्या तर सतरा-अठरा बाटल्या, नऊ लिटर पाणी. फुप्फुसं भरून माणूस जायचा. आणि प्रथिनं? एक ग्रॅमही नाही. बाटली पाणी भरून काढते, रक्तदाब सावरते. तेच तिचं काम, आणि ते मोठं आहे.

यावर शिकलेला नातेवाईक म्हणतो, मग ती दुधासारखी पांढरी पिशवी लावा, पैशाचं बघू. त्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि स्निग्धांश असतात, म्हणजे ते खरंच अन्न आहे. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली ड्युड्रिक यांनी बीगल कुत्र्यांची पिल्लं निव्वळ शिरेतून पोसून वाढवून दाखवली. पण घाई नडते. बेल्जियममधल्या 4640 रुग्णांवरचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून पुरेसं अन्न जात नसताना ज्यांना पहिल्या 48 तासांत शिरेतून पूरक अन्न दिलं, त्यांच्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबवलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. 2014च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात शीर आणि नळी या दोन्ही वाटांनी तीस दिवसांतला मृत्युदर सारखाच निघाला. पण शिरेच्या वाटेला मोठ्या शिरेतली नळी लागते, ती निर्जंतुक ठेवावी लागते. उपाशी शरीरात साखर एकदम गेली की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, म्हणून ते वरचेवर तपासणारी प्रयोगशाळा लागते. फळ तेच असेल तर ही जोखीम कशाला?

"नाकात नळी म्हणजे शेवट," हा समज तर मुळातूनच काढायला हवा. कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी व्हेंटिलेटरवर बेशुद्ध असतो. पण रक्तदाब सावरला की त्याचं आतडं बहुतेकदा काम करतं. त्याला नळीतून पातळ अन्न थोडं थोडं देता येतं, आणि तेच आधी द्यावं. आतडं बंद पडलं, बरंचसं कापावं लागलं, त्याला भोक पडून अन्न बाहेर झिरपू लागलं किंवा बाळ फारच अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, तर शिरेतलं अन्नच जीव वाचवतं. तिथे कंजुषी नको.

2024 पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आयसीयूत आहारतज्ज्ञाची रोज फेरी व्हावी, एवढी मागणी आपण तिथे लावून धरू शकतो. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांनी "किती बाटल्या झाल्या?" हा प्रश्न सोडावा. आज किती कॅलरी गेल्या, किती प्रथिनं गेली, नळी अजून का घातली नाही, हे विचारा.