पथ्य बाईचं, स्वयंपाक घराचा

‘बायका पथ्य पाळत नाहीत, म्हणून त्यांची साखर उतरत नाही.’ हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकते आहे. मला स्वतःला मधुमेह आहे आणि वस्तीत बायकांच्या आरोग्याचं काम करताना माझ्यासारख्या पुष्कळ जणी भेटतात. हे वाक्य डॉक्टर म्हणतात, औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणतो, घरी नवरा, मुलगा, सून म्हणतात. शेवटी बाईच कपाळाला हात लावून म्हणते, ‘माझंच चुकतं हो ताई, जिभेवर ताबा नाही.’ या वाक्याला आता उत्तर द्यायची वेळ आली आहे.

मागे एका मोफत तपासणी शिबिरात आम्हाला एक पत्रक मिळालं. त्यावर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईचं चित्र होतं. ठरलेल्या वेळी जेवा, थोडं थोडं खा, निम्मं ताट भाजीचं ठेवा, रोज अर्धा-पाऊण तास चाला, मनावर ताण घेऊ नका, असा सल्ला होता. सल्ला शास्त्राला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की तो ज्याला पाळता येईल असा माणूस कोण? ज्याला कुणीतरी वेळेवर गरम ताट वाढतं, ज्याच्यासाठी भाजी वेगळी काढून ठेवली जाते, ज्याला संध्याकाळी ‘जरा चालून येतो’ म्हणून घराबाहेर पडता येतं, तो. थोडक्यात, ज्याच्या घरी बायको आहे तो! मधुमेहाचं पथ्य हे बायको असलेल्या माणसासाठी लिहिलेलं आहे. बाईला मधुमेह झाला की तिला बायको कुठून आणायची?

आपल्या आजूबाजूला बघा. नवऱ्याला मधुमेह झाला की सगळं घर बदलतं. तेल कमी होतं, चहातली साखर जाते, डब्यात मोड आलेली मटकी येते, आणि हे सगळं करणारी बाई असते. बाईला मधुमेह झाला की घरात काहीच बदलत नाही. ‘तुझ्यापुरतं वेगळं कर की,’ एवढंच सांगितलं जातं. म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक झाल्यावर तिनं आणखी एक स्वयंपाक करायचा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांमध्ये बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं बिनमोल घरकाम करतो असं दिसलं. त्या २८९ मिनिटांत हा दुसरा स्वयंपाक कुठे बसवायचा आणि चालायला वेळ कुठून काढायचा, हे पत्रकात नव्हतं.

शिवाय बाई जेवते शेवटी. तोवर भाजी संपलेली, डाळीच्या पातेल्यात वरचं पाणी उरलेलं. भात मात्र असतो. कालची पोळी असते, ती टाकवत नाही. निम्मं ताट भाजी, पाव ताट डाळ-उसळ आणि पाव ताट धान्य हे पथ्य तिच्या ताटात बरोबर उलटं होतं, आणि जेवणानंतर साखर चढते. यात जिभेचे चोचले कुठे आले? भूक मारायला दिवसभर गोड चहा पिणाऱ्या धुणीभांडीवाल्या बाईला गोडाची आवड आहे असं म्हणणं म्हणजे तिची थट्टा आहे.

ज्वारी-बाजरी खा, असंही सांगतात. एके काळी ते गरिबाचं अन्न होतं. आज अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना २०२३ पासून रेशनवर धान्य फुकट मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते. डाळीची, भाजीची, शेंगदाण्याची तीच गोष्ट. साखर वाढवणारं अन्न सरकार पुरवतं आणि साखर आवरणारं अन्न बाईनं आपल्या हिमतीवर मिळवायचं!

यात उपासांची भर आहे. सोमवार, चतुर्थी, हरितालिका, वटपौर्णिमा. कुणासाठी, ते सांगायला नको. नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपाशी राहणाऱ्या बाईच्या स्वतःच्या आयुष्याचं काय, हा प्रश्न आपण फार वर्षांपासून विचारतो आहोत. मधुमेहात तो शब्दशः खरा ठरतो. दिवसभर पोट रिकामं, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. साखर झपाट्यानं चढते. आणि सकाळी गोळी घेऊन उपास केला असेल तर त्याआधी ती धोकादायक रीतीनं उतरूनही गेलेली असते.

हे उतरणं नीट समजून घेऊ या, कारण ‘हट्टी’ साखरेचं एक मूळ इथे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेल्या असा वा नसा. सकाळी गोळी घेतली, नळाला पाणी आलं, डबे झाले, पहिल्या घरची भांडी झाली, आणि पोटात अकरा वाजेपर्यंत काही नाही. साखर ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, ‘नाटकं करते.’ बाई घाबरून साखर खाते आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी सोडते किंवा अर्धी करते. महिन्यानं तपासणीत साखर चढलेली दिसते. डॉक्टर विचारत नाहीत, बाई सांगत नाही, गोळीचा डोस वाढतो. पुन्हा तेच. या सगळ्याला केसपेपरवर एकच शब्द मिळतो: अनकंट्रोल्ड.

बाई सांगत नाही, कारण तिला सांगण्यासारखी जागाच नसते. मेटफॉर्मिनमुळे सुरुवातीला काहींना जुलाब होतात. दुसऱ्याच्या घरी काम करणारी बाई तिथला संडास वापरू शकत नाही. मग ती गोळी बंद करते. साखर वाढली की लघवी वारंवार होते. मुतारी नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही. डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झालं आणि सर्रास दिलं जाऊ लागलं. ते जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतं, पण त्यामुळे योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पुरुष डॉक्टरसमोर, मागे रांग उभी असताना, ‘खाली खाज सुटते’ हे कोण सांगणार? या प्रत्येक त्रासावर उपाय आहे: मेटफॉर्मिन जेवणासोबत, कमी डोसापासून सुरू करता येतं, औषध बदलता येतं, संसर्गावर इलाज होतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावं लागतं.

तपासणीचंही असंच. सरकारी दवाखान्यात बहुधा सकाळची उपाशीपोटीची साखर बघतात. ती ठीक असली तरी जेवणानंतरची चढलेली असू शकते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी बऱ्याच जणींनी कधी केलेलीच नसते; बहुतेकांसाठी ती सातच्या आत असावी असं मानतात. घरी यंत्र असलं तरी एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. म्हणून पट्ट्या कमी असतील तर त्या जोडीनं वापराव्यात: एका जेवणाच्या आधी एक आणि दोन तासांनी एक, पुढच्या वेळी वेगळ्या जेवणाला. चार-सहा आकड्यांत कळतं की भात किती चढवतो आणि भाकरी-उसळ किती. हा आकडा वहीत लिहून डॉक्टरांसमोर ठेवला की बोलणं ‘पथ्य पाळता का?’ वरून औषधावर येतं.

आणि औषधावर यायलाच हवं. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वर्षांगणिक पुढे सरकतो. स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद कमी होत जाते. जी गोळी पाच वर्षांपूर्वी पुरत होती ती आज पुरेलच असं नाही. साखर महिनोन् महिने चढलेली असताना तीच चिठ्ठी पुढे चालवणं आणि दोष बाईच्या जिभेला देणं, हा आळस डॉक्टरांचा आहे. कारणं शोधायची असतात: लघवीचा संसर्ग, दातांचा पू, क्षयरोग, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टिरॉइड. इन्सुलिनवर असलेल्या बाईची सुई बघायची असते. आपल्याकडच्या ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटवाली वापरून तेवढ्याच रेघा भरल्या तर डोस निम्म्याहून कमी जातो. रोज एकाच जागी टोचलं तर गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात इन्सुलिन खराब होतं. फ्रीज नसेल तर ओल्या माठाचा गारवा कामी येतो. यातलं काहीच न बघता तिला हट्टी ठरवलं जातं.

इन्सुलिनची धमकी देणंही थांबलं पाहिजे. ‘ऐकलं नाहीत तर सुई लावीन,’ असं म्हटल्यावर बाई सुईला शिक्षा समजते आणि गरज असतानाही नाकारते. मग कारल्याचा रस, जांभळाच्या बिया आणि कुण्या महाराजांचा काढा सुरू होतो. आमच्या बैठकीत आम्ही स्पष्ट सांगतो: काढ्यासाठी गोळी किंवा इन्सुलिन सोडू नका.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, हा श्रीमंतांचा आजार, आपले प्रश्न वेगळे. हे आता खरं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. आणि पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं सुरू केलेला अभ्यास आपण वाचायलाच हवा. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी बायकांची बाळं हडकुळी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असलेली जन्माला येतात, आणि पुढच्या मधुमेहाचं बीज तिथे पडतं, असं त्यातून पुढे आलं. बाईच्या वाट्याला शेवटी उरणाऱ्या ताटाचा हिशेब असा पिढ्यान् पिढ्या चालतो. यावर ‘आयांनो, नीट खा’ असा आणखी एक उपदेश निघाला तर तो आपण परत पाठवला पाहिजे. आयांना जेवू घालायची जबाबदारी कुणाची, हा खरा प्रश्न आहे. शिवाय मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषापेक्षा बाईत जास्त पटीनं वाढतो. म्हणजे जिला पथ्य पाळणं सगळ्यात अवघड, तिलाच त्याची गरज जास्त.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी मोफत हवी. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकीला पट्ट्या मोफत हव्यात. मधुमेहाची ओपीडी आठवड्यातून एकदा संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर येता येईल अशी हवी. रेशनवर ज्वारी आणि डाळ हवी. कामाच्या ठिकाणी संडास आणि न्याहारीची सुट्टी हवी. तिशीवरच्या बायकांची यादी आशाताई करतातच. त्या यादीचं पुढे काय झालं, हे ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत विचारलं गेलं पाहिजे.

गटात करण्यासारखंही आहे. बैठकीला यंत्र आणा. सुई मात्र प्रत्येकीची वेगळी, आणि यंत्र दरवेळी पुसून घ्या. साखर उतरल्याच्या खुणा घरातल्या पुरुषांना समोर बसवून सांगा: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग जेवायला वाढायचं. हो, वाढायचं, त्यांनी.

घरातली मागणी सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड आहे. मधुमेही बाईनं सगळ्यांच्या बरोबर, पहिल्या पंगतीला बसायचं. भाजी आधी तिच्या ताटात पडली पाहिजे. आणि सगळ्या घरानं तेच खायचं, जे तिला चालतं. नवऱ्याच्या मधुमेहात हे विनातक्रार झालं होतं. म्हणजे ते करता येतं, हे सिद्धच आहे.