भिंतीकडची बाजू

काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र, अशी एक त्रयी उत्तर हिंदुस्थानात पूर्वीपासून सांगितली जाते. समुद्रकाठचे आमचे गाव सोडून आम्ही इंदुरात शिक्षकी पत्करली, तेव्हा ही कीर्ती ऐकूनच इकडे आलो. मालव्याची रात्र शीतल असते हे खरे; पण त्या रात्रीपूर्वी वैशाखातली दुपार यावी लागते, पारा ४० अंशांच्या वर चढतो, लू वाहते आणि दारेखिडक्या लावलेल्या असतानाही काळ्या मातीची धूळ पुस्तकांवर येऊन बसते, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. या दुपारीवर उतारा म्हणून आज शहरातील कित्येक घरांच्या मागच्या भिंतींवर पांढऱ्या पेट्या घरघरत असतात. त्या पेटीविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. वार्षिकांकास हा विषय रूक्ष वाटेल. परंतु त्यात पदार्थविज्ञान आहे, घरखर्चाचे गणित आहे, आणि थोडीशी नीतीही आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन मे महिन्यात आमच्या बिऱ्हाडातील एसी मंदावला. मेकॅनिकला बोलाविले. त्याने आतल्या जाळीला हात लावला, "गॅस कमी झाला आहे" असा निर्णय दिला, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. चार दिवसांत यंत्र पुन्हा दमले. एवढेच नव्हे, तर भर दुपारी आपोआप बंद पडू लागले. महिनाअखेरचे विजेचे बिल मात्र दमले नव्हते! अखेर शेजारच्या आजोबांनी आपल्या ओळखीचा एक वयस्क मिस्त्री आणला. त्याने खोलीत पाऊलही टाकले नाही. तो थेट गच्चीवर गेला, पेटी आणि भिंत यांमधल्या फटीत त्याने विजेरी धरली आणि आम्हांस पाहावयास बोलाविले. समोरून जी पेटी आम्हांस रोज स्वच्छ दिसत होती, तिच्या पाठीवर जणू राखी रंगाचे घोंगडे पांघरलेले होते. धूळ, कबुतरांची पिसे, सावरीचा कापूस, शेजारच्या बांधकामावरचे सिमेंट, सारे एकमेकांत विणले गेले होते. मिस्त्री म्हणाला, "याला रोग काही नाही, श्वास कोंडला आहे." तासाभरात त्याने तो श्वास मोकळा केला, दाब मोजून जास्तीचा गॅस काढला, आणि त्या संध्याकाळी आमची खोली पूर्वीसारखी गार झाली.

असे का घडले? एसी थंडी निर्माण करतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. तो एक हमाल आहे. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालले असता खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलते आणि त्यासाठी साधारण दीड किलोवॅट वीज घेते. ही वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या पेटीला एकंदर पावणेसात किलोवॅट उष्णता हवेत टाकावी लागते. हे काम कंडेन्सरची कॉइल करते. तांब्याच्या वळणदार नळीतून तापलेला, दाबलेला वायू जातो. नळीवर अॅल्युमिनियमची शेकडो पातळ पाती कंगव्याच्या दातांप्रमाणे दाटीने बसविलेली असतात. पंखा त्या फटींतून हवा ओढतो. हवा उष्णता घेऊन जाते आणि निवलेल्या वायूचा द्रव होतो. दोन पात्यांमधील फट एकदोन मिलिमीटरांचीच. तेवढ्या वाटेवर सारा कारभार चालतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेहमीच्या पेटीतील पंखा हवा मागून व बाजूने आत ओढतो आणि समोरून बाहेर फेकतो. म्हणून कचरा जमतो तो मागे, भिंतीकडच्या बाजूवर. जी बाजू आपणांस दिसते ती स्वच्छ, आणि जी दिसत नाही तीच मळलेली, असा या यंत्राचा स्वभाव आहे.

फटी बुजल्या की हवा कमी वाहते. हवा कमी, म्हणून उष्णता बाहेर पडेना. उष्णता पडेना, म्हणून आतील वायूचे तापमान व दाब चढतो. आणि त्या चढत्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला अधिक कष्ट उपसावे लागतात. वायूचे द्रव होण्याचे तापमान १ अंशाने वाढले, तर विजेचा खर्च साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो, असा या विद्येतील जाणत्यांचा ठोकताळा आहे. मळामुळे ते ५ अंशांनी चढले, तर खर्च १० ते १५ टक्क्यांनी वाढला म्हणून समजा. शिवाय गारवा कमीच. दाब मर्यादेपलीकडे गेला की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. आमच्या यंत्राचे नेमके हेच झाले होते. त्यात वरून गॅस भरणे म्हणजे दम लागलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पोते ठेवणे होय.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, पात्यांवर बसलेला धुळीचा पातळ पापुद्रा फारसा घातक नसतो. रोज फडके घेऊन पेटीमागे लागण्याचे कारण नाही. वाट बुजणे हा खरा अपाय आहे.

आता गणित पाहू. समजा, एका घरातील यंत्र दिवसाला १० युनिटे वीज खाते आणि मळामुळे त्यात दशांशाची भर पडते. रोजचे १ युनिट. उन्हाळ्याच्या १०० दिवसांत १०० युनिटे. एका घराला ही रक्कम बुडविणारी नव्हे. परंतु अशी किती घरे आपल्या गावात आहेत? ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली, ती अशाच उकाड्यात. आपली बहुतांश वीज आजही कोळशातून येते, हे विसरून चालणार नाही.

एसी विकत घेताना आपण त्यावरील तारे मोजतो. तो शहाणपणा खरा. पण ते तारे कोऱ्या, स्वच्छ यंत्राचे आहेत. यंत्राची क्षमता प्रयोगशाळेत बाहेरची हवा ३५ अंश धरून ठरविली जाते. इंदूरच्या मे महिन्यात यंत्राला त्याहून तापलेल्या हवेशी झुंजावे लागते. ज्या घरात पाठीवर घोंगडे पांघरलेले पाच ताऱ्यांचे यंत्र आहे, त्या घराने ताऱ्यांचे पैसे भरून काळोख विकत घेतला असे म्हणावे लागते.

वातानुकूलन या नगरास नवे नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांजकडून १९३० नंतरच्या वर्षांत माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, तेव्हा त्यात वातानुकूलनाची योजना होती. राजवाड्यातील यंत्राची निगा राखावयास नेमलेली माणसे असत. आज ते यंत्र मध्यमवर्गीयाच्या घरी आले. निगा राखणारा मात्र त्याच्याबरोबर आला नाही. ते काम आता आपले आहे, आणि आपण ते आपले समजत नाही, हे आमचे खरे म्हणणे आहे.

कोणी म्हणतील, पावसाने पेटी धुऊन निघतेच की! नाही निघत. पाऊस वरून व समोरून लागतो. भिंतीकडच्या बाजूस त्याचे शिंतोडे तेवढे पोहोचतात. त्याने धूळ वाहून न जाता तिचा चिखल होतो, आणि आश्विनाच्या उन्हात तो भाजून निघतो. कोणी म्हणतील, आमच्या घरी एसीच नाही. पण कूलर आहे ना? त्याच्या टट्ट्यांवर क्षारांची पुटे चढून हवेची वाट अशीच बुजते. घरातील जुन्या फ्रिजच्या पाठीवरची काळी जाळी हीदेखील कंडेन्सरच होय. विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर वडीलमाणसांच्या देखत ती पाहा. बहुधा तीही भिंतीकडेच तोंड करून बसलेली सापडेल.

मग करावे काय? होळीनंतर, गव्हाची कापणी व मळणी आटोपून भुसकट उडावयाचे थांबले की एकदा, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, बाहेरची पेटी साफ करावी. प्रथम मुख्य कळ बंद करावी. मऊ ब्रशाने पात्यांच्या लांबीच्या दिशेने कोरडा कचरा काढावा. आडवा ब्रश मारला तर पाती वाकतात आणि वाकलेले पाते धुळीहूनही घट्ट दार लावते. मागाहून हलक्या धारेने पाणी सोडावे. विजेच्या जोडण्यांवर पाणी पडू देऊ नये. मोटारी धुण्याचा जोरकस फवारा येथे वर्ज्य. पाणी बेतानेच वापरावे. आपल्या नळाला येणारी नर्मदा सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूदहून, वीज खर्चून, चढावर आणलेली असते. आतली जाळी दर पंधरवड्यास धुणे हे काम मुलांनी अवश्य करावे. बाहेरच्या पेटीला मात्र मुलांनी हात लावू नये.

आणि येथेच आमची मुख्य तक्रार आहे. कित्येक इमारतींत या पेट्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, जेथे पाय ठेवावयास जागा नाही अशा ठिकाणी टांगलेल्या असतात. त्या साफ करण्यासाठी कोणा तरी विशीतल्या पोराला खिडकीच्या पट्टीवर उभे राहावे लागते. बहुधा त्याच्या कमरेला पट्टा नसतो, आणि आपण आतून "लवकर आटप" म्हणून ओरडत असतो. आपला गारवा कोणाच्या जिवावर बेतू नये. यंत्र बसविताना ते किती वेगाने खोली गार करील हे आपण विचारतो. त्याच्या पाठीपर्यंत माणसाचा हात सुखरूप पोहोचेल काय, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. गच्ची किंवा सज्जा असेल तर पेटी तेथेच, भिंतीपासून पुरेसे अंतर सोडून बसवावी. तसे नसेल तर पट्टा आणि दोर यांवाचून कोणास बाहेर उतरू देऊ नये. एखादा उन्हाळा थोडा उकाड्यात गेला तरी चालेल.

२०१७ सालापासून स्वच्छ सर्वेक्षणात आपल्या शहराने वर्षानुवर्षे पहिला मान मिळविला. रात्री रस्ते झाडणाऱ्या कामगारांचा आणि ओला-सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या घरोघरच्या गृहिणींचा त्यात वाटा आहे. आम्हां बाहेरून आलेल्यांनाही त्याचा अभिमान वाटतो. परंतु रस्ता चारचौघांच्या नजरेस पडतो. तो झाडला नाही तर लोक नावे ठेवतात. भिंतीकडच्या बाजूस कोणी नावे ठेवीत नाही. तिला गुण नाहीत, पारितोषिक नाही. म्हणूनच तेथे आपली खरी परीक्षा आहे.

आमच्या लहानपणी, पावसाळ्यात गावची वीज वारंवार जाई. आमची आजी रोज तिन्हीसांजेपूर्वी कंदिलाची काच राखेने घाशी, बाहेरून आणि आतूनही. एकदा आम्ही तिला म्हटले, "आजी, आतली काजळी कोणाला दिसते?" ती म्हणाली, "काजळी दिसत नाही रे बाळांनो, पण उजेड दिसतो ना!" तेल तेवढेच, वात तीच, पण काच पुसली की अक्षर लागे. वैशाख येण्यापूर्वी एकदा आपल्या घराच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन पाहा, एवढेच आमचे सांगणे आहे.