कंत्राटदाराचा विमा आणि मालकाची जोखीम

समजा, मार्केट यार्डातील एका धान्य व्यापाऱ्याने जुन्या गोदामाला लागून नवे गोदाम बांधावयास काढले. कंत्राट ६० लाखांचे. सिमेंट व लोखंड ओळखीने स्वस्त मिळते, म्हणून २० लाखांचा तो माल मालकानेच पुरविण्याचे ठरले. कंत्राटदाराने विम्याची पॉलिसी दाखविली; मालकाने तिची प्रत फाइलला लावली आणि तो निश्चिंत झाला. वस्तुतः ती पॉलिसी वाचण्याची वेळ नेमकी तीच होती.

बांधकामासाठी सामान्यतः ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’ ही पॉलिसी घेतली जाते. नावात सर्व जोखमींचा उल्लेख असला, तरी आत अपवादांची यादी असते. बहुतेक दावे तेथेच अडतात.

पहिली उणीव रकमेची. विमा पूर्ण झालेल्या कामाच्या एकूण किमतीइतका हवा आणि तीत मालकाने दिलेला मालही धरावा लागतो. येथे काम ८० लाखांचे, विमा ६० लाखांचा. वादळात १० लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी त्याच प्रमाणात साडेसात लाख हिशेबात धरील आणि त्यातूनही पॉलिसीतील ‘एक्सेस’ वजा करील. उरलेली तूट कोणी सोसावयाची, हा वाद तेथून सुरू होतो.

दुसरी उणीव शेजारच्या मालमत्तेची. पाया खणताना हादऱ्याने किंवा आधार सुटल्याने शेजाऱ्याच्या भिंतीला तडे गेले, तर ते नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेले असते. जादा हप्ता भरून तसे कलम जोडून घ्यावे लागते. मालकाचे स्वतःचे जुने गोदाम व त्यातील धान्य तर ‘तिसरा पक्ष’ या व्याख्येतच बसत नाही. त्याचीही स्वतंत्र तरतूद हवी.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर, कारण ती माणसांची आहे. परातीवरून पडून मजूर दगावला, तर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण त्याला लागू होत नाही. त्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी लागते आणि तीत पोटकंत्राटदाराच्या मजुरांचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. हप्ता वाचविण्यासाठी २० मजुरांच्या जागी ८ दाखविले जातात, तेव्हा उरलेल्या १२ घरांचा आधार त्याच दिवशी काढून घेतलेला असतो. शिवाय १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे की, धंद्याच्या ओघातील काम कंत्राटाने दिले तरी भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागता येते.

चौथी उणीव मुदतीची. पावसाने काम लांबते आणि पॉलिसी मात्र ठरल्या तारखेस संपते. मुदतवाढ आधी घ्यावी लागते. अपघातानंतर भरलेला हप्ता उपयोगी पडत नाही.

सदोष आराखडा, निकृष्ट काम पुन्हा करण्याचा खर्च आणि विलंबाचा दंड हेही सामान्यतः वगळलेले असतात. म्हणून पहिला हप्ता कंत्राटदाराच्या हाती देण्यापूर्वी मूळ पॉलिसी मागावी, सहविमेदार म्हणून मालकाचे नाव घालून घ्यावे आणि रक्कम, अपवाद, मजुरांची संख्या व अंतिम तारीख या चार गोष्टी ताडून पाहाव्यात. गोदामाची भिंत पुन्हा उभारता येते. मजुराच्या घरातील कर्ता माणूस परत आणता येत नाही. त्याच्या कुटुंबाची तजवीज काम सुरू होण्यापूर्वी करणे हाच चोख व्यवहार होय.