मागोवा कोणाचा आणि कोणासाठी?

रेल्वेच्या रुळांवर गस्त घालणाऱ्या कामगाराच्या अंगावर बत्ती, झेंडे आणि अवजारे यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एक वस्तू आली आहे. ती म्हणजे उपग्रहांच्या साह्याने त्याचा ठावठिकाणा वरिष्ठांना कळविणारे यंत्र. तो किती चालला, कोठे थांबला, किती वेळ थांबला, हे सारे दूरच्या कचेरीतील पडद्यावर उमटते. परंतु त्याच रुळावरून पाठीमागून येणारी गाडी किती अंतरावर आहे, हे मात्र त्या यंत्रातून त्याला कळत नाही. मागोवा घेणाऱ्या आधुनिक तंत्राचा सारा सामाजिक प्रश्न या एका विसंगतीत सामावलेला आहे.

हे तंत्र कोणा एका कंपनीच्या प्रतिभेतून जन्मलेले नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडला. उपग्रह जवळ येताना त्याच्या रेडिओ लहरींची वारंवारता वाढते व दूर जाताना घटते. या डॉप्लर परिणामाचा उपयोग करून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील गायर व वायफेनबाख या शास्त्रज्ञांनी स्पुटनिकची कक्षा निश्चित केली. जमिनीवरील ज्ञात स्थानावरून उपग्रह शोधता येत असेल, तर ज्ञात उपग्रहावरून जमिनीवरील अज्ञात स्थानही शोधता यावे, हा उलटा विचार त्यातूनच सुचला. मात्र त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो अण्वस्त्रधारी अमेरिकी पाणबुड्यांसाठी! पुढे १९७८ मध्ये अमेरिकेच्या जीपीएसचा आणि १९८२ मध्ये सोव्हिएत ग्लोनासचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. या पद्धतीत किमान चार उपग्रहांचे संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून स्थान काढले जाते. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. म्हणून अणुघड्याळ हे या यंत्रणेचे हृदय होय.

या हृदयावर ताबा कोणाचा, यालाही महत्त्व आहे. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीचा जीपीएस संदेश अमेरिकी सरकार हेतुपुरस्सर कमी अचूक ठेवीत असे. जगातील जहाजे व विमाने ज्या यंत्रणेवर विसंबली होती, तिची अचूकता एका राष्ट्राच्या लष्करी मर्जीवर अवलंबून होती. भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची यंत्रणा उभारली. पण त्यांतील आयात अणुघड्याळे बंद पडू लागली आणि परावलंबनाची किंमत पुन्हा एकदा कळून आली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात देशी बनावटीचे अणुघड्याळ प्रथमच बसविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये त्यापुढचा उपग्रह नियोजित कक्षेत पोचू शकला नाही. मार्ग खडतर आहे. परंतु तो सार्वजनिक क्षेत्रातील शास्त्रज्ञ व कामगार यांच्या श्रमांनीच आक्रमिला जात आहे.

हे तंत्र जनतेच्या सेवेत राबविले गेले, तर काय घडते? १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन वादळ आले. उपग्रह व रडार यांनी त्याचा माग काढला आणि प्रशासनाने लाखो लोकांना वेळीच हलविले. या वेळी बळींची संख्या काही दशकांतच राहिली. याउलट २०१७ च्या ओखी वादळात केरळ व तामिळनाडूचे कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. खोल समुद्रात त्यांच्यापर्यंत इशारा पोचविण्याचे साधनच त्यांच्या नौकांवर नव्हते. एक लाख मच्छीमार नौकांवर संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ पालघर येथे झाला, तो २०२४ मध्ये.

रेल्वेची कथा निराळी नाही. 'कवच' यंत्रणेत रुळांतील टॅगवरून इंजिनाला आपले स्थान कळते आणि चालकाकडून धोक्याचा सिग्नल ओलांडला जात असल्यास ब्रेक आपोआप लागतात. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ २९० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. त्या अपघाताचे मूळ सिग्नलच्या जोडणीतील दोषात होते. तथापि या निमित्ताने देशाला हेही कळले, की सुमारे ६८,००० किलोमीटरांच्या जाळ्यापैकी दीड हजार किलोमीटरही तोवर 'कवचा'खाली आलेले नव्हते. गाडी जवळ येत असल्याची सूचना रुळावरील कामगाराला देणारे 'रक्षक' यंत्रही रेल्वेपाशी आहे. त्याचाही प्रसार संथच राहिला.

संथपणाचा हा नियम श्रमिकांवर पाळत ठेवण्याच्या कामी मात्र लागू होत नाही! चंदीगढ, नागपूर यांसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटांवर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधण्यात आली. गटारातील विषारी वायूची सूचना देणारे साधन ज्याला मिळत नाही, त्याला हे घड्याळ मात्र सक्तीचे! जानेवारी २०२३ पासून ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर मजुरांची छायाचित्रे दिवसातून दोनदा मोबाईलवरून पाठविणे बंधनकारक झाले. जेथे जाळेच पोचत नव्हते, तेथे केलेल्या कामाची हजेरी बुडाली. मजुरांना दाद मागण्यासाठी दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. घरपोच माल देणाऱ्या तरुणाचे प्रत्येक वळण कंपनी मोजते. परंतु त्याचे काम व मोबदला कोणत्या हिशेबाने ठरतो, हे त्याला सांगत नाही.

यावर असा युक्तिवाद होतो, की प्रामाणिक कामगाराला पाळतीचे भय कशाला? हा युक्तिवाद फसवा आहे. प्रश्न प्रामाणिकपणाचा नसून एकतर्फीपणाचा आहे. पारदर्शकता हवी असेल, तर ठेकेदाराने मजुरी केव्हा दिली, अधिकाऱ्याने तक्रारीची नोंद केव्हा घेतली, संरक्षक साधने कोठे अडकली, यांचाही मागोवा तितक्याच काटेकोरपणे का घेतला जात नाही? यंत्र नेहमी खालच्याच दिशेला पाहते, ते त्याच्या रचनेमुळे नव्हे. ते वापरणाऱ्या वर्गाच्या हितसंबंधांमुळे.

यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत भेद करण्यास कामगारवर्गाला काळ व अनुभव लागला, असे मार्क्सने १८६७ मध्ये 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात दाखवून दिले. तो भेद आज पुन्हा स्पष्ट करावयास हवा. घड्याळ फोडल्याने अथवा मोबाईल फेकल्याने हा प्रश्न सुटणार नाही. कामगार संघटनांच्या संमतीवाचून पाळतयंत्रे बसविली जाऊ नयेत. जमा झालेली माहिती कामगाराला पाहता यावी व तीतील चूक दुरुस्त करून घेता यावी. केवळ यंत्राच्या नोंदीवरून कोणाचीही मजुरी कापली जाऊ नये. आणि सार्वजनिक निधीचा पहिला हक्क जीव वाचविणाऱ्या यंत्रणांचा असावा. या मागण्या किमान आहेत, आणि म्हणूनच त्या प्रत्येक कारखान्यात, आगारात व वस्तीत नेता येण्याजोग्या आहेत.

रुळावरील कामगार कोठे आहे, हे कचेरीला कळते. येणारी गाडी कोठे आहे, हे ज्या दिवशी त्या कामगाराला प्रथम कळेल, त्या दिवशी हे तंत्र खऱ्या अर्थाने जनतेचे झाले, असे म्हणता येईल.