सट्टेबाज कोणाला म्हणावे?



मराठी वर्तमानपत्रांत 'सट्टेबाज' हा शब्द तुम्ही वाचला असेल. एखाद्या वस्तूचा भाव चढेल की उतरेल, याचा अंदाज बांधून केवळ नफ्यासाठी पैसे लावणे म्हणजे सट्टा. असा सट्टा करणारा तो सट्टेबाज. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावणाऱ्यालाही हाच शब्द वापरतात.

या शब्दातील 'बाज' तुम्हाला परका नाही. तो फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थ 'खेळणारा' असा आहे. उर्दूत तुम्ही 'पतंगबाज' म्हणता, 'किमारबाज' म्हणता. मराठीत 'बाज' बहुधा निंदेसाठी येतो: दगाबाज, चालबाज, हुल्लडबाज. 'फटकेबाज' फलंदाज म्हटले की मात्र कौतुक होते.

सट्टेबाजाच्या शेजारचे दोन शब्द नीट ओळखा, कारण तेथे उर्दू भाषकांची गफलत होते. उर्दूत 'अंदाज' म्हणजे ढंग, शैली. मराठीत 'अंदाज' म्हणजे तुमचा 'अंदाजा'. म्हणून मराठीत 'हवामानाचा अंदाज' असतो आणि सरकारचे 'अंदाजपत्रक' असते. उर्दूत 'धोका' म्हणजे फसवणूक. मराठीत तो अर्थ आहेच. पण 'धोका' म्हणजे संकटाची शक्यता, हा अर्थ अधिक चालतो. 'त्याने धोका पत्करला' या वाक्यात कोणी कोणाला फसवलेले नाही. त्याने जोखीम उचलली, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य प्रश्न. जो अंदाज बांधतो आणि धोका पत्करतो, तो प्रत्येक जण सट्टेबाज ठरतो काय? माझे मत असे की, नाही.

खरा सट्टा कसा असतो ते पाहा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा लोकांनी नव्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घातला. कंपनी काय काम करणार, याची चौकशी पुष्कळांनी केली नाही. आज घेतलेला शेअर उद्या महाग विकता येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. ही सट्टेबाजी होय.

याउलट पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव घ्या. या परिसरातील शेतकरी कांदा, बटाटा, टोमॅटो पिकवतात. मंचर आणि नारायणगावच्या बाजारात भाव काय मिळेल, हे लावणी करताना कोणालाच ठाऊक नसते. 2023 च्या उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव इतके पडले की राज्यात काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. त्याच वर्षी जुलैत शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. असे झाले की लोक सहज म्हणतात, 'शेती म्हणजे जुगार!' शेतकरी स्वतःही वैतागून तसे म्हणतो. त्याच्या तोंडी ती व्यथा असते. आपण मात्र त्याला जुगारी समजू नये. जुगारी काही पिकवत नाही. शेतकरी घाम गाळतो आणि भाव पडला तरी त्याच्या मालाने कोणाचे तरी पोट भरते. धोका त्याने हौसेने शोधलेला नसतो. तो त्याच्या कामातच असतो.

याच महाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद हे मुंबईत गिरणी कामगार होते. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली मोटार अडवण्यासाठी ते तिच्यापुढे आडवे झाले आणि हुतात्मा झाले. त्यांनी प्राण पणाला लावले. पण त्यात स्वतःच्या नफ्याचा अंदाज कोठे होता? अशा माणसाला मराठीत 'जिवावर उदार झालेला' म्हणतात. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे.

मित्रांनो, एकच शब्द सर्वांना लावला की दोन चुका होतात. कष्टकऱ्याचा अपमान होतो आणि खऱ्या सट्टेबाजाला कष्टकऱ्याच्या रांगेत बसण्याची सोय होते. म्हणून 'सट्टेबाज' लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. या माणसाने पणाला काय लावले? ते स्वतःचे होते की दुसऱ्याचे? आणि त्याच्या हातून काही निर्माण झाले काय? उत्तरे मिळाली की योग्य शब्द आपोआप सुचेल.