हाली रुपयाची पारख

मागच्या महिन्यात आमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी रुमालात बांधलेली सात नाणी घेऊन आली. आज्जीच्या पेटीतली. मोबाइलवर कुणीतरी एका नाण्याचे दोन लाख देऊ केले होते; त्याआधी 'नोंदणी फी' म्हणून अडीच हजार भरायचे होते. थोरल्या बहिणीचे लग्न तोंडावर, त्यामुळे वडील पैसे भरायला निघालेच होते. "सर, भरू देऊ का?" तिने विचारले.

मी म्हटले, "एक पैसाही नको." जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, आपण फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. विकत घेणाराच आधी पैसे मागतो, तेव्हा व्यवहार खोटा समजावा.

मग आम्ही नाणी पाहिली. सहा रुपये हैदराबादचे, चारमिनारचे. बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी पेट्यांत हे रुपये निघतात. हा 'हाली सिक्का'. कन्नड शाळेतल्या मुलांना तो 'हळ्ळी'चा, म्हणजे खेड्यातला वाटतो. पण हाली म्हणजे चालू. आपला मराठी 'हल्ली' त्याच घरचा.

चारमिनारच्या दारात एक अक्षर असते. 'मीम' असेल तर तो सहावे निजाम महबूब अली खान यांचा, 'ऐन' असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचा. साल हिजरी असते. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण कळतो. १३३० म्हणजे १९१२ च्या सुमारास.

आता वजन. त्या काळच्या चारमिनार रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी शंभरात जवळजवळ ८२ भाग. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ भाग. गुणाकार केलात तर सात हालींत आणि सहा कलदारांत चांदी जवळपास सारखीच, ६४ ग्रॅम भरते. 'सात हालीला सहा कलदार' हा जुना भाव उगीच नव्हता! म्हणून सोनाराच्या काट्यावर नाणे बरेच हलके भरले की शंका घ्यावी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेला कधी सांध्याची रेघ असते. लोहचुंबकाला चिकटले, तर ती चांदी नव्हेच.

सहाही रुपये खरे निघाले. पण एकाला गळ्यात घालायचा टाका मारलेला, आणि दोन आईने चिंच-राखेने लख्ख घासलेले. संग्राहकाच्या लेखी तिन्हींची किंमत उतरली. नाण्यावरचा काळपटपणा घाण नव्हे, वयाचा दाखला असतो. अक्षरे आणि मनोऱ्यांची नक्षी जितकी शाबूत, तितका मान. हे रुपये मुबलक पाडले गेले. त्यामुळे झिजलेला साधा रुपया चांदीच्या मोलाहून फार वर जात नाही. दुर्मीळ सालाचे नाणे निराळे. ते दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय हातचे सोडू नये.

सातवे नाणे तांब्याचे. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८'. दोन लाखांचा भाव याचाच होता. कंपनीने असला आणा कधी पाडलाच नाही. जत्रेत मिळणारे हे टोकन.

मुलीचा चेहरा उतरला. पण अडीच हजार वाचले. संध्याकाळी वडिलांनी सगळे ऐकून आज्जीला विचारले, सहा रुपये तरी सोनाराला देऊ या का? आज्जी म्हणाली, "मारबेड, मगा." लग्नात सासऱ्यांनी तिच्या ओटीत घातलेले ते रुपये होते. ही गोष्ट मुलालाही त्या दिवशीच कळली.

आता सहाही रुपये कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत आहेत. प्रत्येकावर साल, वजन आणि आज्जीचे नाव नातीने लिहिले आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही. तुमच्याही घरी पेटी असेल. उघडा, पण चिंच लावू नका. आणि विकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा.